टोकनच्या पोर्टवर कोण बसलंय?

किस्से मासळीसारखेच साचतात, फक्त ते खारवावे लागत नाहीत! रेवसजवळच्या आमच्या मच्छीमार सोसायटीत मी कॉम्प्युटरवर डिझेलची टोकनं छापते. टोकन नाही तर डिझेल नाही. चेअरमन नानांनी पहिल्याच दिवशी दम भरला होता, "हा डबा बंद परला तर टोकनची जुनी वही परत येल, न तू घरी जाशील!"

*

दुसऱ्याच दिवशी डबा अडला. स्क्रीनवर मेसेज, '८०८० पोर्ट आधीच वापरात आहे.'

मी नानांना समजावलं, "कॉम्प्युटरला नंबरची दारं असतात. आपल्या टोकनच्या दारात दुसराच प्रोग्राम बसलाय."

"मंग काढ त्याला भायेर! सभासद हाय का तो?"

*

दुरुस्तीवाल्याने फोनवर मंत्र दिला. काळ्या खिडकीत 'नेटस्टॅट -एएनओ' टाइप केलं की कोणतं पोर्ट कोणाकडे, याची यादी येते. ओळीच्या शेवटी प्रोग्रामचा नंबर असतो. तो टास्क मॅनेजरमध्ये शोधला की चोर सापडतो, आणि तिथंच बंदही करता येतो!

पन्नास ओळींची ती यादी बघून सेक्रेटरी हादरले. "एवढे जण आत बसलेत? आणि काम तू एकटीच करतेस?"

*

एकदा घाईत मी भलताच नंबर बंद केला. मासळी वाळत घालतो तिथला कॅमेरा बंद पडला! दोन दिवस कोणी तक्रारच केली नाही. तिसऱ्या दिवशी मी कबुली दिली, तर वॉचमन हळहळला, "कशाला सांगितलंस ताय? दुपारची झोप कवढी गोड लागत व्हती!"

*

मासेमारीवरची पावसाळी बंदी उठली त्या सकाळी मात्र मला रडू कोसळायचंच बाकी होतं. दारात नाखव्यांची रांग, आणि स्क्रीनवर पुन्हा तोच मेसेज.

"झाला? आणा वही!" नाना गरजले.

मी यादी काढली. ८०८० वर आमचाच टोकनचा प्रोग्राम आधीपासून चालू! पण माझ्या लॉगिनमध्ये तर नव्हता. या कॉम्प्युटरवर दुसरं लॉगिन एकच, नानांचं. पण डब्याला कधी हात लावणार नाही, अशी त्यांनी शपथ घेतलेली.

टास्क मॅनेजरमध्ये त्या नंबरासमोर नाव होतं, 'नाना'.

मी त्या नावावर बोट ठेवलं. नानांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. मागे सगळी रांग माना उंचावून बघत होती.

मग नाना रांगेकडे वळले.

"पोरीची परीक्षा घेतली मी. पास झाली!"