फीड मिलच्या सायडिंगवरून आलेला आवाज

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसले आहे. भूत, संकेत, पूर्वसूचना हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. आजही 'तसलं काही असतं' असं म्हणायला मी आलेली नाही. झालं ते फक्त सांगते.

२००९च्या मंदीनंतरचा हिवाळा. आम्ही तेव्हा ऑन्टारिओत, टोरोंटोपासून दोनेक तासांवरच्या एका गावात राहायचो. मी नागपूरची मेकॅनिकल इंजिनिअर, पण नोकरी मिळाली ती एका चिमुकल्या रेल्वेच्या ऑफिसात. दोन जुनी इंजिनं आणि थोडासा रूळ. मोठ्या रेल्वेने आणून ठेवलेले मालडबे गावातल्या कारखान्यांना पोचवायचे आणि रिकामे परत आणायचे, एवढाच कारभार. त्यातही एकेक कारखाना बंद पडत होता. ऑटो पार्ट्सवाले गेले, स्टीलचं गोदाम गेलं... उरला होता रेझिनचा एक प्लांट आणि गुरांच्या खाद्याची फीड मिल. पुढचा ले-ऑफ कोणाचा, हाच ऑफिसात रोजचा विषय.

माझं काम ऑर्डर घेणं आणि रेडिओवर क्रूशी बोलणं. क्रू म्हणजे दोघंच — खाली उतरून डबे जोडणारा-सोडवणारा कंडक्टर रॉब, तिथलाच, आणि इंजिन चालवणारे डॉमनिककाका, वसईचे. त्यांची बायको लुसीकाकू आणि घर टोरोंटोच्या स्कारबरो भागात. आठवडाभर ते गावात एका बेसमेंटमध्ये राहायचे, शुक्रवारी घरी जायचे. माझं आडनाव ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "मराठी ना तू, बाय?" तेव्हापासून रोज सकाळी ऑफिसात चहा आणि मराठी. पण रेडिओ हातात घेतला की फक्त इंग्लिश. रेडिओवर इंग्लिशच बोलायचं हा नियम, आणि काका नियमाचे पक्के.

त्या दिवशी दुपारी बर्फ आडवं उडत होतं. दोघं फीड मिलला गेले. तिथे भरलेले डबे ठेवून इंजिन सोडवायचं, वळसा घालून सायडिंगच्या, म्हणजे मिलसाठी काढलेल्या बाजूच्या रुळाच्या, दुसऱ्या टोकाला न्यायचं आणि रिकाम्या डब्यांना लावायचं, हे नेहमीचं काम. रॉब मिलपाशी थांबला. काका इंजिन घेऊन पलीकडे गेले. मध्ये धान्याच्या मोठ्या टाक्या, त्यामुळे इकडचं तिकडे दिसत नाही. पलीकडच्या सांध्यात बर्फ साचतं, ते खाली उतरून फावड्याने काढावं लागतं, तेव्हा रूळ बदलतो.

बऱ्याच वेळाने रॉबचा आवाज आला. "डॉम माझ्याशी बोलत नाहीये. तुला ऐकू येतोय का?"

मी काकांना दोनदा हाक मारली. उत्तर नाही. रॉबला "जाऊन बघ" म्हणणार, तेवढ्यात रेडिओवर काका बोलले. मराठीत.

"बाय, मी इथेच आहे. बर्फ लई आहे. कोणाला पाठवू नको, मी येतो हळूहळू."

मराठी ऐकून नवल वाटलं, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. आमचा मॅनेजर ग्लेन शेजारीच बसला होता. त्याने विचारलं, "काय म्हणतोय?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मग थांबू दे त्याला." मी रॉबला निरोप दिला. रॉब मिलच्या आत जाऊन बसला.

वाट बघून बघून शेवटी तो स्वतःच चालत गेला. काका सांध्यापाशी पडले होते, हातात फावडं, अंगावर बर्फ साठलेलं. हार्ट अटॅक. श्वास चालू होता. ॲम्ब्युलन्स आली. दुसऱ्या दिवशी ते शुद्धीवर न येताच गेले. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर... आणि लुसीकाकूंकडे बघून वाक्य अर्धंच सोडलं.

त्यांचा हातात धरायचा रेडिओ वर इंजिनात होता, हुकला लटकवलेला. इंजिनाचं दार बंद. उतरल्यावर परत वर चढल्याची एकही खूण बर्फात नव्हती. आणि रॉबचा रेडिओ त्याच चॅनलवर, चालू. माझ्या हाका त्याला ऐकू गेल्या, माझा निरोप ऐकू गेला, मधलं काकांचं बोलणं नाही. चौकशीत सगळे रेडिओ तपासले, कशातच दोष निघाला नाही. ग्लेननेही तिथे हेच सांगितलं — मी डॉमचा आवाज ऐकला, तिच्या भाषेत होता. नंतर आम्ही दोघं बोलत असताना तो हळूच म्हणाला, "मागे इंजिनाची घरघर नव्हती. वाराही नव्हता. तुझ्या लक्षात आलं का?" आलं होतं.

फ्यूनरलनंतर लुसीकाकूंनी मला जवळ बसवलं. काका काय म्हणाले ते शब्दन् शब्द विचारलं. मी सांगितलं. त्या बराच वेळ हातातला रुमाल दुमडत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याचा सोभावच तसा. दुखलं तरी सांगायचा नाही. तू मनाला लावून घेऊ नको हां, पोरी." माझं सांत्वन त्यांनी करावं... मला तिथे बसवेना.

पुढे फीड मिलने माल ट्रकने आणायला सुरुवात केली आणि रेल्वे बंद झाली. ग्लेन एडमंटनला गेला. फोन केला तर बाकी सगळं बोलतो, हा विषय नाही. तो आवाज काकांचा असेल, तर मदत येऊ नये असं त्यांना का वाटलं? आणि त्यांचा नसेल, तर ते मरावेत असं कोणाला वाटत होतं? दुसऱ्या प्रश्नापाशी मी फार वेळ थांबत नाही.

रॉब एकदाच भेटला, ग्रोसरीत. पुष्कळ म्हातारा दिसत होता. कार्ट तशीच सोडून माझ्याजवळ आला. म्हणाला, "एकच सांग. तो आवाज तू मनाने बनवलास का? मी कोणाला सांगणार नाही."

मी म्हटलं, "नाही रे. बनवला असता तर निदान मला तरी माहीत असतं, काय झालं ते."