सत्यनारायणाला मांडलेली श्रीलंकेची सुपारी

मंडळी, अजून सुन्न आहे.

आज श्रीवर्धनहून मामा बागेतल्या सुपारीचं पोतं घेऊन आले. मी त्यांच्यासोबत पनवेलच्या नेहमीच्या व्यापाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, "मामा, श्रीलंकेची स्वस्त पडते. व्यापार करारामुळे तिला आयात कर लागत नाही. यंदा तुमची नको."

मामा माझ्याकडे वळून हसले. "निदान तुझ्या आजच्या पूजेत गणपती म्हणून माझी सुपारी मांड."

"पूजेची सुपारी कालच नेली की यांनी," व्यापारी माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला. "श्रीलंकेचीच."

घरी पूजा तर सकाळीच मांडून झाली होती.

संध्याकाळी मामांनी त्याच सुपारीला हात जोडले. "देवाशी भांडण नाही रे. पण बाग ठेवू की तोडू?"

शेजारी देशांशी खुला व्यापार हवा, असं मी इथेच लिहितो. अजूनही पटतं. पण मामांना काय सांगू?