मामाजींच्या तोंडची संख्या

मी शाळेत गणित शिकवते. भूतखेत, अंगात येणं... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणणार नाही. पण घडलं ते सांगते.

दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट. आम्ही गोंदियाला, कुडव्यात राहतो. सासऱ्यांची — मी त्यांना मामाजी म्हणते — धानाची शेती चोरखमारा गावाकडे. ऐन रोवणीत ते बांधीतच, धानाच्या चिखलात कोसळले. लकवा. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा वाचा गेलेली. डोळे मिटून पडून असायचे.

एका दुपारी मी पेज भरवत होते, तर एकदम स्पष्ट बोलले — "सात तीन नऊ तीन नऊ एक तीन तीन."

मग दिवसभर तेच. नवरा म्हणाला, "कोणाचा फोन नंबर असेल." डॉक्टर म्हणाले, "होता है मॅडम. कधीकधी आकडे तेवढे राहून जातात."

काही दिवसांनी शेवटचा तीन गळला. मग त्याच्या आधीचा. उरलं ७३९३९१. मला उगाच शंका आली, ही मूळ संख्या तर नाही? म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी. शाळेच्या कॉम्प्युटरवर तपासली. होती! आधीच्या दोन्हीसुद्धा. शेवटचा एकेक अंक काढत गेलं, तरी उरते ती प्रत्येक वेळी मूळच. नेटवर वाचलं — अशा संख्यांमध्ये मामाजींच्या पहिल्या आठ अंकी संख्येहून मोठी नाहीच. आणि मामाजी जेमतेम चौथी शिकलेले...

पुढचं मला दिसत होतं. ७३९३९, ७३९३, ७३९, ७३, ७... आणि मग?

"काऊन डरवून राहिली सगळ्यायले?" मी घरात हे सांगितलं तसा नवरा चिडला. तरी मामाजी 'सात तीन'वर आले तेव्हा मी बालाघाटला नणंदेला फोन लावला.

"ताई, निघा."

"डॉक्टर काही बोलले का?"

"नाही... तुम्ही या फक्त."

ताई पोचल्या तेव्हा नुसतं "सात... सात..." चालू होतं. त्या रडायला लागल्या. मी मामाजींचा हात धरून बसले होते. आणि ओठ थांबले. छाती हलते की नाही, तेच कळेना. नवऱ्याने नाकापुढे बोट धरलं.

मामाजींनी डोळे उघडले.

"पाणी दे."

पुढे ते हळूहळू सुधारले. काठी टेकत बांधीपर्यंत जायला लागले. एकदा मी धीर करून विचारलंच, "मामाजी, ते आकडे कसले होते?"

"एक जण मागून राहिला होता बाई. एक दे, आणखी एक दे. देत गेलो. शेवटचा नाही देला."

"कोण मागत होता?"

"तुले नाही दिसला? तुह्याच बाजूले त उभा होता."

संख्येचं मी फळ्यावर समजावून सांगू शकते. ती मामाजींच्या तोंडी कुठून आली, ते नाही. डॉक्टर मेंदूचं काही तरी सांगतात, मीही मान हलवते... पण मामाजींच्या खोलीत मी अजूनही, भर दुपारीसुद्धा, एकटी बसत नाही.