खडूचा बाण

नांदेडच्या गिरणीत, निजामाच्या शेवटच्या वर्षांत, लेथवर लोखंड कातणारा एक खरादी होता. त्याला अक्षरओळख नव्हती. दांडा वर केला की हत्यार कुठल्या बाजूला सरकतं, हे मशीनवरच्या इंग्रजी पाटीत उलटं छापलेलं होतं. म्हणून त्यानं शेजारी खडूनं खरा बाण काढला होता आणि रोज सकाळी तो गिरवायचा. लोखंडाचा कीस चिमटीत धरायचा आणि "जाड निघून राहिला," म्हणत फीड, म्हणजे हत्यार सरकायचा वेग, कमी करायचा.

मी नवा, शिकलेला सुपरवायझर. मला त्या बाणाची लाज वाटली. मी तो पुसला, पाटी वाचून दांडा स्वतः वर केला, वर फीडही वाढवला. हत्यार नग पकडणाऱ्या फिरत्या चकवर जाऊन आदळलं आणि चक फुटला.

चौकशीच्या कागदावर मी उर्दूत लिहिलं, 'खरादीची गफलत.' त्याच्यापुढे शाई सरकवली.

"काय लिवलंय, सायेब?"

"झालं तेच."

"पाटीवरबी लिवलेलंच हाय की," तो म्हणाला आणि अंगठा उठवला.

त्याची नोकरी गेली त्या दिवशी त्यानं जाताना बाण पुन्हा काढला. पुढं कित्येक वर्षं मी रोज तो बाण गिरवून त्यावर मशीन चालवली. कागद मात्र बदलला नाही.