वरचे वारे
ऑक्टोबरच्या उकाड्यात खारट चिखलाचा वास आला, की नव्वदच्या दशकात द्रोणागिरीजवळच्या शाळेत शिकवत असतानाची एक संध्याकाळ आठवते. सहामाहीचे पेपर तपासून मी थकलो होतो. शेजारी राहणारा कोळी वर्तमानपत्र घेऊन दारात आला. त्याला वाचता येत नसे. "गुरुजी, पानी हाताला गरम लागतंय. वादल जोर धरंल का? उद्या बोट काढायची हाय." तापलेला समुद्र वादळाला बळ देतो, पण आकाशात उंचावरचे जोरदार वारे ते विस्कटून टाकत आहेत, एवढेच मी वाचून दाखवले आणि वर्तमानपत्राची घडी करून त्याला परत दिली. ते वारे दोन दिवसांत मंदावतील, ही पुढची ओळ मला दिसली होती. समजावून सांगण्याचा कंटाळा आला. चौथ्या दिवशी तो जिवंत परतला, पण बोट वाचवण्यासाठी त्याने सगळी जाळी कापून समुद्रात सोडली होती. "वादल फुगलं, त्याला तुमी काय करनार?" असे म्हणून त्याने माझीच समजूत घातली, आणि मी होकारार्थी मान हलवली. आता पन्नाशी उलटल्यावर त्या कंटाळ्यापेक्षा मान हलवल्याचीच लाज अधिक वाटते.