तात्या ड्रेसरांचा हेवा

रोग्याजवळ गेले की तात्या ड्रेसर आधी त्याच्या मानेमागे उलटा हात लावायचे. घाम आहे का, कातडी कोरडी पडली आहे का ते बघायचे आणि मगच लघवी तपासायच्या काचनळीकडे वळायचे. १९३० नंतरच्या त्या वर्षांत बारामतीच्या आमच्या लहानशा दवाखान्यात मी परीक्षा पास झालेला कंपाउंडर होतो. तात्या कोऱ्हाळ्याचे, जखमा धुऊन पट्ट्या बांधणारे ड्रेसर, जेमतेम सही करणारे. तरी डॉक्टर आले की विचारायचे, "काय तात्या, कसा आहे आपला पेशंट?" मी शेजारीच उभा असायचो. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मधुमेहाचा रोगी अत्यवस्थ असला की त्याची लघवी निळ्या औषधात घालून दिव्यावर उकळायची. निळी राहिली तर साखर नाही, विटकरी झाली तर भरपूर. कोणत्या रंगाला किती इन्शुलिन, याचा तक्ता भिंतीवर होता आणि तो मला तोंडपाठ होता. पण सुई तात्यांच्याच हातची. सकाळची पहिली लघवी ते चक्क ओतून टाकायचे आणि अर्ध्या तासाने दुसरी घ्यायचे.

"पयलीत रातची साखर असती, कंपाउंडरसाहेब. आत्ता अंगात किती हाय, ते दुसरीच सांगती," असं त्यांनी मला बजावलंही होतं. पण त्यांच्याकडून शिकायचं माझ्या जिवावर यायचं.

एकदा इंदापूरकडचे एक म्हातारे बागायतदार दाखल झाले. आबा म्हणायचे त्यांना. पाठीवर तळहाताएवढी काळपुळी, अंगात ताप आणि साखर चढलेली. चार दिवस तात्यांनी त्यांना सांभाळलं. पाचव्या दिवशी सकाळी तात्या गावी गेले होते, डॉक्टर एका बाळंतिणीकडे. मला आयतीच संधी मिळाली. पहिलीच लघवी उकळली, ती विटकरी झाली, आणि मी तक्त्याप्रमाणे पुरी मात्रा टोचून मोकळा झालो. आबांनी पेजेला तोंडही लावलं नव्हतं, तिकडे मी पाहिलंच नाही.

दुपारच्या आत आबा घामाने डबडबले आणि बरळू लागले. काळपुळीचं विष चढलं समजून मी कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसलो. तेवढ्यात तात्या आले. त्यांनी हात लावला मात्र, ओरडलेच, "अंग गार पडलंय! साखर उतरलीय ह्यांची. गूळ आना, पळा!"

मग गुळाचं पाणी चमच्याने, प्रत्येक घोट गिळला जातोय ना हे बघत. "गिळा आबा, आजून येक." बऱ्याच वेळाने आबांनी डोळे उघडून विचारलं, "कुटं हाय मी?"

डॉक्टर आले तेव्हा तात्याच पुढे झाले. "माजी चूक, साहेब. पयली लघवी टाकायची, हे ह्यास्नी सांगायचं ऱ्हायलं." डॉक्टरांनी सगळ्यांदेखत त्यांची खरडपट्टी काढली. मी जमिनीकडे बघत उभा राहिलो.

महिन्याभराने आबा बरे होऊन निघाले. ते तात्यांच्या पाया पडू लागले, तर तात्यांनी त्यांना माझ्याकडे वळवलं. "कंपाउंडरसाहेबांनी लई सोसलं तुमच्यापायी." आणि मी तो नमस्कार घेतला!

पुढे तात्या भावाचा ऊस बघायला कायमचे गावी निघाले. मोटारीच्या दारात मी कसाबसा म्हणालो, "तात्या, तुम्ही मला सांगितलं होतं."

"व्हय की," ते हसले, "मला ठावं हाय." आणि मोटारीत चढले.

त्यांच्या हाताची कला पुढे मी थोडीफार उचलली, तिचा हेवा विरला. त्या हसण्याचा मात्र अजून वाटतो.