सात विमानं आणि थांबायची पिन

नववीत शाळा सुटली, एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं आणि देवगडाकडची मी हैदराबादेत येऊन पडले. नवरा औषधांच्या कारखान्यात होता. मला मलकपेठेतल्या एका वर्कशॉपमध्ये सोल्डरिंगचं काम मिळालं, ते ताईंमुळे. वर्कशॉप त्यांचंच. इथल्या जुन्या मराठी घरातल्या, वडील सरकारी नोकरीत, आजोबा वकील, आणि या इंजिनिअर होऊन स्टेशनरीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत स्टॅबिलायझरची सर्किटं बनवत बसलेल्या. मी दारातच सांगून टाकलं, "माझं शिक्षण नाही."

"हात थरथरतेत का?"

"नाही."

"मंग बस."

हात सोडून बाकी सगळंच थरथरत होतं. संध्याकाळी घरी निघाले की इस्त्री चालूच राहिली म्हणावी तशी मला सोल्डरिंगच्या बटणाची काळजी लागायची आणि मी अर्ध्या जिन्यातून परत वर जायचे. ताई मान वर न करता म्हणायच्या, "बंद हाय. मी बी पाहिलं."

बाजार नुकता मोकळा झाला होता. पूर्वी ज्या सुट्या भागांची नुसती नावं ऐकायची, ते आता कुरिअरनं येऊ लागले. ताईंनी प्रोग्रामेबल चिपा मागवल्या. ही चिप कोरी येते. कुठल्या पिनवर, म्हणजे चिपच्या पायावर, काय आलं की कुठल्या पिनवर काय जावं, हे आपण कॉम्प्युटरवरून तिच्यात भरायचं. चुकलं तर पुसून परत भरायचं. डबे खाऊन झाले की ताई मला शिकवायच्या. "दोन्हीकडचे हो म्हणले तरच लग्न, ही झाली अँड. सासू नाहीतर नवरा, एक जरी हो म्हणला की माहेरी जायला मिळतं, ही ऑर."

"आमच्यात ती पण अँडच आहे," मी म्हटलं. ताईंना हसून ठसका लागला.

एक दिवस आबिड्सहून भाईजान आले. पोस्टामागच्या गल्लीत त्यांचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. त्यांनी फडक्यात गुंडाळून एक बोर्ड आणला होता, विमानाच्या एका जुन्या खेळाचा. पार्लरमधलं सगळ्यात जास्त खेळलं जाणारं यंत्र, आणि आता पाच मिनिटांत चित्र फाटत होतं. बिघाड एका चिपमध्ये सापडला, पण ती चिप खेळाच्या कंपनीनं स्वतःपुरती बनवलेली. वरचा नंबरसुद्धा खरवडलेला. बाजारात ती मिळणं शक्यच नव्हतं.

"ये नहीं चला तो डब्बा भंगार में," भाईजान म्हणाले. "उसकी जगा फोन का बूथ डालतूं."

"आपणच बनवू तशी चिप," ताई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बोट केलं. "ही बनवेल."

ते गेल्यावर मी म्हटलं, "ताई, असं काय करता?" त्या म्हणाल्या, "जमलं तर डिझाइनच्या टेबलावर बसशील. नाही जमलं तर सोल्डरिंग हायच की." त्या रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. इतक्या मायेनं दिलेली संधी वाया गेली तर तोंड कुठे लपवायचं, हे मला कळेना.

जुनी चिप गार असली की थोडा वेळ नीट चालायची. मी प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ घालून तिच्यावर ठेवायचे आणि तेवढ्यात एकेक पिन तपासून लिहून घ्यायचे. सगळ्या पिनांचं काम उमगलं, एक सोडून. ती पिन मधूनच प्रोसेसरला थांबवून धरायची. मला वाटलं, मरणाऱ्या चिपला लागलेली ही धाप आहे. ताईंनाही तेच वाटलं. पुढे जुनी चिप कायमची गेली. मी तीन प्रोग्रामेबल चिपा एका छोट्या पट्टीवर बसवून तिच्या जागी लावल्या आणि ती पिन मोकळी सोडली. खेळ सुरू झाला, आणि कसा, तर लोण्यासारखा.

पार्लरमध्ये पहिला डाव मास्टरांचा होता. मास्टर म्हणजे शेजारी शेरवान्या शिवणारे. दुपारची नमाज झाली की रोज एक डाव खेळून मगच ते शिलाई मशीनवर बसत. समोरून सात विमानं एकदम आली आणि मास्टर मेले. परत खेळले, परत तिथेच मेले.

"हात बुढ्ढा हो गया मास्टर," भाईजान म्हणाले.

"हात वहीच है. ये वो नहीं है." मास्टर माझ्याकडे वळले. "सात आए तो ये आहिस्ता होता था, बीबी. उत्तेच में मैं निकल जाता था. अब निकलने कू जगाच नहीं."

मागे उभ्या असलेल्या दोघांनी माना डोलावल्या. भाईजान बूथ कुठे बसेल ते नजरेनं मापू लागले.

परतीच्या बसमध्ये बसले. मास्टरांचं बोलणं डोक्यात फिरत होतं, आणि चादरघाटच्या पुलावर मला ती पिन आठवली. ती धाप नव्हतीच. पडद्यावर गर्दी झाली की चित्रं काढायला वेळ लागे, म्हणून चिप प्रोसेसरला म्हणत होती, थांब जरा. मी यंत्र दुरुस्त करता करता त्याचा स्वभाव काढून टाकला होता.

ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी बी तर पाहिलं होतं की ते. मला कुठं दिसलं? भर परत."

पण किती थांबायचं? विचारायला जुनी चिप उरली नव्हती. मी तीन पट्ट्या तयार केल्या, तिन्हींत वेगवेगळा थांबा भरला आणि डब्यात स्पंजावर खोचून नेल्या. या वेळी ताईही आल्या.

पहिली लावली. "थोडा और," मास्टर म्हणाले. दुसरी लावली. "ये तो सो गया."

तिसरी लावताना मात्र माझे हात थरथरले. सात विमानं आली. पडदा जडावला, मास्टरांचा खांदा डावीकडे झुकला आणि त्यांचं विमान मधल्या फटीतून निघून गेलं. ते खेळतच राहिले. पुढची लाट, तिच्या पुढची. दारातले लोक आत आले. कोणी म्हणालं, "मास्टर, गिराहक बैठेला है." मास्टर म्हणाले, "बैठने दो."

माझा आनंद चेहऱ्यात मावेना, म्हणून मी रिकाम्या डब्याचीच उघडझाप करत राहिले. ताई म्हणाल्या, "उद्या लवकर ये. टेबलावरचं माझं सामान हलवायचंय."

भाईजाननी गल्ल्याखालून दुसरा एक धूळभरला बोर्ड काढून ताईंपुढे धरला. "ये भी मरेला है."

"तिला द्या," ताई म्हणाल्या.

मी बोर्ड घेतला, पण पाहिला नाही. मास्टरांच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "मास्टर, ये वाला पहले कैसा चलता था?"

पडद्यावरून नजर न हलवता ते सांगू लागले.